थांब जरा, यादी पुन्हा लिही

तुझी यादी वाचली गं. सकाळी घाईत एकदा वाचली, आणि दुपारी आगोटीची सुकट डब्यांत भरून झाल्यावर ओटीवर बसून नीट वाचली. ४ महिने, १४ देश, ३१ गावं. आणि खाली तुझा प्रश्न, "ताई, हे जास्त होतंय का?" खरं सांगू का, होतंय. पण घाबरू नकोस. नोकरीतून रजा मिळवलीस, पैसे साठवलेस, घरच्यांना तयार केलंस. अवघड ते झालंय. आता फक्त वेग ठरवायचा आहे.

आधी साधा हिशेब कर. १२० दिवसांत ३१ गावं म्हणजे एका गावाला चार दिवससुद्धा नाहीत. त्यात ३० वेळा सामान बांधायचं. सकाळी उठून बॅग भर, अकराच्या आत खोली सोड, स्टेशन गाठ, नव्या गावात उतरून घर शोध, किल्ली मिळेपर्यंत ताटकळत बस, मग दूध कुठे मिळतं ते बघ. तो अख्खा दिवस जातो बघ. नकाशावर दोन गावं बोटभर अंतरावर दिसली तरी जातो. म्हणजे चारातला एक महिना तू नुसती घर बदलत राहणार.

हे मी केलंय म्हणून सांगते. माझ्या पहिल्या मोठ्या प्रवासात २२ दिवसांत ११ शहरं घेतली होती. इतका खर्च करून गेलोय तर काही सुटायला नको, एवढंच डोक्यात होतं. पंधराव्या दिवशी व्हिएन्नात ताप भरला आणि दोन दिवस मी खोलीत पडून होते. तिकिटं फुकट गेली त्याचं फारसं वाटलं नाही. पण आदल्या आठवड्यातल्या दोन शहरांतले रस्ते मला वेगवेगळे आठवेनात, त्याचं फार वाईट वाटलं.

तेव्हापासून माझं एक माप आहे. धुतलेले कपडे आरामात वाळतील आणि घडी करून बॅगेत जातील, एवढा तरी मुक्काम एका गावी हवाच. आपल्याकडे उन्हात तासाभरात वाळतं, पण थंड देशात खोलीतल्या दोरीवर जीन्स दोन-दोन दिवस ओली राहते. म्हणून चार रात्री ही कमीत कमी धर. दर तीन आठवड्यांनी एखाद्या गावी सात-आठ दिवस राहा, तेही स्वयंपाकघर असलेल्या घरात. आठवड्याचं भाडं बऱ्याचदा दिवसाच्या हिशेबाने स्वस्त पडतं. रोज बाहेर खाऊन पोट कंटाळतं गं, तेव्हा मुगाच्या खिचडीचा कुकर लावला की जीव परत जागेवर येतो. हळद, हिंग, तिखट या तीन पुड्या विसरू नकोस.

तुला वाटेल, इतके दिवस एका गावात करायचं काय? मग आपल्या चौलचीच गोष्ट ऐक. रशियातल्या त्वेरचा व्यापारी अफनासी निकितिन १४७० च्या आसपास याच बंदरात उतरला. रेवदंड्यात त्याचं स्मारक आहे, आपण कितीदा त्याच्यावरून गेलोय. कास्पियन समुद्र, इराण, होर्मुझ असं करत, विकायला घोडा घेऊन तो आला. चौलहून जुन्नरला पोचायला त्याला चोवीस दिवस लागले. आज आपण एका दिवसात जाऊन येऊ. तिथे पावसाने गाठलं आणि तो दोन महिने थांबला. चार महिने रात्रंदिवस पाऊस नि चिखल, असं त्याने लिहून ठेवलंय. पण त्याच पावसात लोक नांगरणी करतात, पेरतात, हेही त्याने लिहिलंय. तो थांबला म्हणून त्याला पेरणी दिसली. पुढे बिदरलाही तो कितीतरी महिने राहिला. परत जाताना स्मोलेन्स्कजवळ, घरी पोचण्याआधीच तो वारला. पण आपल्या या भागातला पाऊस त्याच्या वहीत आजही आहे.

म्हणून तुझ्या यादीत ऋतू आधी लिही, देश नंतर. जिथे पाऊस किंवा कडाका असेल तिथे धावपळ ठेवू नकोस, तिथे मुक्काम लांबव.

आता व्हिसाचं बघ, कारण तिथेही वेगाचाच प्रश्न येतो. तुझ्या १४ पैकी ९ देश शेंगेनमधले आहेत. शेंगेनच्या सगळ्या २९ देशांत मिळून कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, आणि उतरलीस तो दिवस आणि निघालीस तो दिवस, दोन्ही मोजतात. शिवाय अर्ज त्या देशाकडे करायचा जिथे तुझा मुक्काम सगळ्यांत जास्त. तू सगळीकडे सारखेच दिवस टाकलेस तर मग जिथे पहिल्यांदा शिरणार त्या देशाकडे जावं लागतं. एका ठिकाणी दहा-बारा दिवस नक्की केलेस की हा गोंधळच उरत नाही. आणि व्हिसा हातात आला की स्टिकरवरचे दिवस आधी वाच. ९० मागितले म्हणून ९० मिळतातच असं नाही.

थांबलो तर आपण कच्चे, असं मनात आणू नकोस. नौदलाच्या सहा मुली तारिणी या शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा करून आल्या, आठवतंय? १० सप्टेंबर २०१७ ला गोव्याहून निघाल्या, २१ मे २०१८ ला परत. २१,६०० सागरी मैल. त्यांनीसुद्धा फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅनली आणि केपटाऊन या चार बंदरांत जवळजवळ दोन-दोन आठवडे मुक्काम केला. बोटीची डागडुजी, शिधा भरणं, झोप. परतताना सुकाणू बिघडलं तर यादीत नसलेल्या मॉरिशसलाही थांबल्या. तुझ्या चार महिन्यांतही असं एखादं मॉरिशस येणार, म्हणून दर महिन्यात चार-पाच दिवस कोरे सोड. त्यांचं काहीही बुक करू नकोस.

एकटेपणाची भीती वाटते म्हणालीस. बघ, ती भीती रोज गाव बदललं की जास्त वाढते. चौथ्या दिवशी पाववाला तुला ओळखायला लागतो, सहाव्या दिवशी शेजारची बाई हसून बोलते. माझे तरी सगळ्यांत हलके दिवस असे ओळखीच्या गल्लीतच गेले. घरून फोन येईल, "अजून तिथेच?" म्हणून. "हो, अजून इथेच," एवढंच सांग.

मी तुझं एकही गाव खोडणार नाही हं, ते तुझं तूच करायचंस. ३१ ची १८ कर, देश १४ वरून ८ वर आण, आणि रविवारी रेवदंड्याला ये. पेन्सिल आण, पेन नको. जेवायला वालाचं बिरडं करते.