शेवटी कोण चालणार, ते आधी विचारा

पत्रकावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं : ‘श्रीचक्रधर स्वामींच्या पाऊलखुणांवरून ज्वालामुखीच्या सरोवराकाठी’. भोकरदनच्या आठवडी बाजारात ते हातोहात गेलं आणि आमच्यासारख्या महानुभावी घरांतून पैसेही भराभर जमा झाले. सिंदखेडराजाहून पायी निघायचं, बिबीला मुक्काम करायचा आणि लोणारला स्वामींच्या वास्तव्याची स्थानं वंदून परतायचं. सोबत जाणकार, मागे पाण्याची जीप, जेवण, परतीची गाडी, सगळं पैशांत आलं, असं यात्रा काढणारे गृहस्थ घरी येऊन, चहा घेऊन सांगून गेले.

लोणारचं सरोवर ज्वालामुखीचं नाही. खडक तेवढा ज्वालामुखीचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा बेसाल्ट. त्यात हा खड्डा पाडला उल्केने. १८२३ साली अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची नोंद केली, पण ज्वालामुखी की उल्का हा वाद पुढे बराच काळ चालला. प्रचंड आघातानेच बनते अशी मॅस्केलिनाइट नावाची काच तिथल्या खडकात सापडल्याचं १९७३ साली प्रसिद्ध झालं, तेव्हा कुठे शास्त्रज्ञांचं एकमत होऊ लागलं. जो माणूस पत्रक छापताना एवढं विचारून घेत नाही, तो वाटेची चौकशी काय करणार? पण हे तेव्हा बोलले असते, तर मीच नाट लावणारी ठरले असते.

सासूबाईंचा जीव या यात्रेत अडकला होता. यादव राजा कान्हरदेव लोणारला स्वामींच्या भेटीला आला, ती लीळाचरित्रातली लीळा त्यांना तोंडपाठ आहे. जयदेववाडीला, जाळीच्या देवाला, त्या आजही पायी जातात. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण नंतर आमच्या चालण्यावरच बोट ठेवलं गेलं.

बिबीपर्यंत ठीक चाललं. लोणारला पोचल्यावर मी विचारलं, पहिलं स्थान कुठलं? गृहस्थ म्हणाले, “आधी खाली उतरू, फोटोला उजेड चांगला आहे.” जाणकार म्हणून आणलेला मुलगा फक्त व्हिडिओ काढत होता. स्थानं कुठे आहेत, कोणत्या स्थानी कोणती लीळा घडली, यातलं एक अक्षर त्याला येत नव्हतं. ऊन चढलेलं असताना त्यांनी सगळ्यांना विवरात उतरवलं.

काठावर वारा असतो, खाली तो पोचत नाही. जवळपास दीडशे मीटर खोल आणि पावणेदोन किलोमीटर रुंद असा तो खड्डा, काळ्या दगडाचा. दुपारी तिथे जीव कासावीस होतो. समोर एवढं पाणी दिसतं, पण घोटभर पिता येत नाही. ते खारट आहे आणि सोड्यासारखं अल्कधर्मी. २०२० च्या जूनमध्ये ते गुलाबी झालं तेही खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे, असं पुण्याच्या आघारकर संस्थेने तपासून सांगितलं. त्याच वर्षी सरोवराला रामसर दर्जा मिळाला.

खाली चार-पाच वयस्क बायका दमल्या. तेव्हा ते गृहस्थ मला म्हणाले, “ताई, तुम्ही मावश्यांना घेऊन सावलीत थांबा. मी वर जाऊन जीप खाली आणतो.” बाकीची मंडळी त्यांच्यामागे गेली. पाण्याचा कॅनही त्यांच्याबरोबर गेला.

आम्ही बसलो. सासूबाई नामस्मरण करत होत्या. बाभळीची सावली सरकली तशा आम्हीही सरकलो. कमळजादेवीच्या दर्शनाला आलेल्या लोणारच्या दोन बाया तिथून निघाल्या होत्या. त्यांनी विचारलं, कशाला बसल्या? मी म्हटलं, जीप यायची आहे. त्यातली थोरली माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, “इथं जीप कुठून येईल माय?”

मी मागे वळून पाहिलं. ज्या पायवाटेने आम्ही दगड धरत उतरलो होतो, तिच्यावरून सायकलसुद्धा आली नसती. तो माणूसही त्याच वाटेने उतरला होता. जीप येणार नाही हे त्याला बोलतानाच माहीत होतं. आमच्यामुळे बाकीच्यांचा वेळ जाऊ नये म्हणून त्याने आम्हाला गोड बोलून बसवलं होतं. माझे हातपाय गार पडले ते या विचाराने. सासूबाईंना मी काही सांगितलं नाही. “आत्याबाई, हळूहळू निघू या,” एवढंच म्हटलं.

त्या दोघींनी आपल्या बाटलीतलं पाणी दिलं, हात धरून, थांबत थांबत वर आणलं. जीप केव्हाच निघून गेली होती. फोनवर त्या गृहस्थांचं उत्तर मिळालं, “मला वाटलं तुम्ही एसटीने याल.” रात्री यात्रेच्या मोबाइल गटावर त्यांचा संदेश आला : काही महिलांची चालण्याची तयारी नव्हती. परतीच्या भाड्याचे पैसे मी दोनदा मागितले. अजून एक रुपया आलेला नाही.

म्हणून ज्यांना जायचं आहे त्यांना सांगते. सर्वांत शेवटी कोण चालणार, हे निघण्याआधी सगळ्यांसमोर विचारा आणि तो माणूस डोळ्यांनी बघा. पुढे चालायला सगळेच तयार असतात. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परतताना जालना, सिंदखेडराजा, बिबी, लोणार याच वाटेने जाते. तिची शिस्त एकदा रस्त्याच्या कडेला उभं राहून पाहा, म्हणजे माणसं कशी न्यायची ते कळेल. विवरात उजाडताच उतरा आणि ऊन तापायच्या आत वर या. पाणी प्रत्येकीने आपल्या पिशवीत ठेवावं, दुसऱ्याच्या कॅनवर विसंबू नये. काठाजवळचा पांढरा थर वाळलेला दिसतो, पण खाली चिखल असतो. तिथे पाय टाकू नका. ते अभयारण्य आहे, बिबट्याही आहे, म्हणून उशीर नको. दगड उचलून आणू नका. सुती कपडे, औषधं, चार्ज केलेला फोन हे तर सांगायला नकोच.

पैसे घ्यायला आलेल्याला पहिलं स्थान कुठलं, एवढं विचारा. तो अडखळला, तर चहा पाजून वाटेला लावा.

सासूबाईंची लोणारची स्थानं राहिलीच आहेत. थंडी पडली की आश्रमातल्या तपस्विनींबरोबर जायचं ठरलं आहे, आणि या वेळी सर्वांत मागे मी चालणार आहे.