चिनी गुलाबाचा बारमाही बहर आणि फुलकिडे

बेंगळुरूच्या चिकपेटजवळील कृष्णराजेंद्र मार्केटच्या फूलबाजारात सुटा गुलाब किलोवर विकला जातो. त्यातील सुवासिक गुलाबी फुलाला आपण मराठीत सर्रास गावठी गुलाब म्हणतो. दक्षिणेत सुट्या फुलांसाठी लावली जाणारी ‘एडवर्ड’ ही जात याच वर्णनाची. परंतु तिचे गावठीपण फसवे आहे. हिंदी महासागरातील बूरबाँ, म्हणजे आजच्या रियुनियन बेटावर दमास्क आणि चिनी गुलाबाच्या संकरातून १९व्या शतकाच्या आरंभी जे कुळ पुढे आले, त्यातलीच ही जात.

मूळ चिनी गुलाब म्हणजे रोझा चायनेन्सिस. झुडूप बेताचे, पाने गुळगुळीत, काटे विरळ, फूल नाजूक. अन्य गुलाब उन्हात फिके पडतात, तर याच्या पाकळ्या अनेकदा अधिक गडद होतात. सकाळचे आणि सायंकाळचे फूल शेजारी ठेवून पाहावे. याचे खरे देणे मात्र बारमाही बहर हे होय. फुलोरा रोखून धरणाऱ्या जनुकात डीएनएचा एक फिरता तुकडा शिरल्याने तो लगाम सुटला आणि झुडूप प्रत्येक नव्या फुटीवर कळी धरू लागले. आधुनिक गुलाबांनी हा गुण चिनी पूर्वजांकडूनच घेतला आहे.

कीटकशास्त्राच्या दृष्टीने याची दुसरी बाजू अशी की, फुलकिड्यांनाही मग उपासाचा काळ उरत नाही. मिरचीवरील फुलकिडे, सिर्टोथ्रिप्स डॉर्सॅलिस, गुलाबाच्या कोवळ्या फुटी व कळ्या खरवडून रस शोषतात. कळ्या वेड्यावाकड्या उमलतात, पाकळ्यांच्या कडा करपतात. मादी अंडी पेशीजालात घालते आणि कोषावस्था बहुधा मातीत वा पालापाचोळ्यात जाते. म्हणजे पानांवरील फवारा या दोन्ही अवस्थांपर्यंत पोहोचत नाही. पुन्हा पुन्हा तेच कीटकनाशक वापरल्यास प्रतिकारशक्ती वाढते, परभक्षी कोळी मरतात आणि लाल कोळी उसळतो.

म्हणून छाटणीकडे पीकसंरक्षणाचा उपाय म्हणूनही पाहावे. बाजारभाव साधण्यासाठी अनेक बागायतदार ओळीओळीने, टप्प्याटप्प्याने छाटतात. भावाच्या हिशेबाने ते समजण्यासारखे आहे, पण शेजारच्या ओळीतले फुलकिडे नव्या फुटीवर सहज येतात. टप्पे करायचेच असतील तर ते स्वतंत्र तुकड्यांचे करावेत. एक तुकडा मात्र एकाच वेळी छाटावा. छाटलेले अवशेष व गळालेली फुले त्याच दिवशी बागेबाहेर न्यावीत, खोडाभोवती हलकी खुरपणी करावी. चिनी रक्ताच्या झुडपाला संकरित टी गुलाबासारखी खोल छाटणी मानवत नाही. वाळकी, रोगट लाकडे काढून शेंडे एक तृतीयांशाने कमी केले तरी पुरते. खवले कीड असलेल्या फांद्या वेगळ्या करून जाळाव्यात. नवी फूट आल्यावर आठवड्यातून दोनदा कळ्या पांढऱ्या कागदावर झटकून पाहाव्यात. निळे चिकट सापळे लावावेत, आणि किडे दिसू लागताच ५ टक्के निंबोळी अर्क संध्याकाळी, मधमाश्या परतल्यावर फवारावा.

विस्तार कार्यकर्त्यांनी बागायतदाराला प्रथम एकच प्रश्न विचारावा : फूल हाराला जाणार की गुलकंदाला? शोभेच्या गुलाबासाठी केलेली कीटकनाशकाची शिफारस खाण्याच्या पाकळ्यांना लागू समजू नये. गुलकंदाची झाडे आरंभापासून वेगळ्या तुकड्यात, मिरचीच्या शेतापासून शक्य तितकी दूर लावावीत.