कल्याणच्या पुढे घर घेताना

मदनपुऱ्यात बॅगा शिवणारे आमच्या ओळखीचे एक कारागीर आहेत. पागडीची दहा बाय बाराची खोली, तीत सात माणसे आणि दोन मशिनी. काही वर्षांपूर्वी त्यांनी वांगणीला फ्लॅट पाहिला. पाहिला तोही रविवारी दुपारी, बिल्डरच्या गाडीतून. घर हवेशीर, मुलांना खेळायला अंगण. खोली सोडून आलेल्या पागडीत घर झाले, व्याजाचे कर्ज काढावे लागले नाही, म्हणून घरचे सगळे खूश होते. वर्षभराने भेटले तेव्हा म्हणाले, "भाई, घर मिळालं, पण धंदा हातातून चाललाय."

असे का झाले, याचा हिशेब आपण मांडून पाहू. कारण मुंबईच्या भायखळा, डोंगरी, कुर्ला भागातील कितीतरी छोटे व्यावसायिक आज याच विचारात आहेत.

वांगणी सीएसएमटीपासून सुमारे ७८ किलोमीटर. घरातून निघून भायखळ्याला उतरून दुकानाच्या दारात पोहोचायला सव्वादोन तास धरा. येऊन-जाऊन साडेचार तास. महिन्याला २५ दिवस म्हणजे ११२ तास. कारागिराचा दिवस दहा तासांचा मानला, तर महिन्यातले अकरा दिवस गाडीत गेले. रेल्वेचा पास स्वस्त असतो, तिमाही घेतला तर आणखी स्वस्त. त्यामुळे प्रवासाला खर्च असा काही नाहीच, असे वाटते. नोकरदाराचे एक वेळ चालून जाते, कारण त्याचा पगार ठरलेला असतो. ज्याची कमाई नगावर आहे, त्याला हे अकरा दिवस कोण भरून देणार?

म्हणून गाव किती लांब आहे, हा प्रश्न आम्ही दुसरा मानतो. आठवड्यातून किती दिवस शहरात जावे लागणार, हा पहिला. ज्याचे दुकान मुंबईत आहे, गिऱ्हाईक समोर उभे राहते, त्याने बदलापूरच्या (सुमारे ६८ किलोमीटर) पुढे जाण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा. ज्याचे काम घरी होते आणि बाजारात फक्त माल पोचवायचा व कच्चा माल आणायचा असतो, त्याला नेरळ, कर्जत, आसनगावसुद्धा परवडते. आमच्या या कारागिरांनी शेवटी तेच केले. मशिनी वांगणीला नेल्या आणि सोमवार-गुरुवार असे दोनच दिवस मुंबई ठेवली. प्रवास चाळीस तासांवर आला. घरगुती मीटरवर मशिनी चालवण्याबद्दल महावितरणच्या कार्यालयात आणि सोसायटीत आधी विचारून घ्यायला हवे होते, ते राहिले. मशिनींच्या आवाजावरून शेजाऱ्यांशी वाद झाला, तेव्हा तळमजल्याचा गाळा भाड्याने घ्यावा लागला. तो खर्चही हिशेबात धरावा.

लोकलच्या बाबतीत एक उलटी गोष्ट आहे. कर्जत मुंबईपासून १०० किलोमीटर, पण सकाळच्या गाड्या तिथूनच सुटतात, त्यामुळे बसायला जागा मिळते. बदलापूर जवळ, पण तिथे गर्दीच्या वेळी डब्यात पाय ठेवणे कठीण. दोन तास बसून आणि दीड तास लोंबकळून, यात शरीराला कोणते झेपते, हे ज्याचे त्याने ठरवावे. कल्याणच्या पुढे कर्जत आणि कसारा अशा दोन्ही फाट्यांवर लोकलला मेल-एक्स्प्रेसच्या बरोबरीने त्याच मार्गावरून जावे लागते. एखादी मेल उशिरा आली, की लोकल बाजूला थांबते. रविवारी गाड्या कमी, वर मेगाब्लॉक. ज्याचे दुकान रविवारीच चालते, त्याने रविवारचे वेळापत्रक पाहावे. माल नेणाऱ्याने लगेजच्या डब्यातून गर्दीच्या वेळी एकदा तरी प्रवास करून पाहावा.

पश्चिमेकडे १६ एप्रिल २०१३ पासून लोकल डहाणू रोडपर्यंत जाऊ लागली आणि पालघर-बोईसरकडे लोकांची नजर वळली. तिकडे कारखाना काढण्याचा विचार असेल, तर डहाणू तालुक्यात १९९१ च्या अधिसूचनेने उद्योगांवर मर्यादा आहेत, हे लक्षात ठेवावे.

आता पाणी. तानसा आणि भातसा ही मुंबईला पाणी देणारी धरणे शहापूर तालुक्यात आहेत. त्याच तालुक्यातील कितीतरी गावे-पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात! आसनगाव, खर्डीकडे घर पाहायचे, तर मे महिन्यात जाऊन नळ उघडून पाहावा. उल्हास नदीच्या काठाला उलटी भीती. २६ जुलै २००५ चा पूर सर्वांना आठवतो. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावे लागले. त्या दिवशी पाणी कुठवर आले होते, हे बिल्डरला विचारू नये, नाक्यावरच्या चहावाल्याला विचारावे.

कागदपत्रांत घाई करणारे हमखास फसतात. सातबारा व फेरफार पाहावेत, बिगरशेतीचा आदेश मागावा, तयार इमारत असेल तर भोगवटा प्रमाणपत्र पाहावे. कर्जत, शहापूर, पालघर या तालुक्यांत आदिवासी खातेदारांच्या जमिनी पुष्कळ आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम ३६-अ प्रमाणे त्या जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बिगर-आदिवासीला घेता येत नाहीत. स्वस्त प्लॉट म्हणून दाखवलेली जमीन शेतीची निघाली, तर कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्याला ती परवानगीविना घेता येत नाही. साठेखत करून पैसे दिले म्हणजे मालकी मिळाली, असे नाही. महारेरा मे २०१७ पासून आहे. नोंदणी क्रमांक असेल तर त्यावरून प्रकल्पाची माहिती घरबसल्या तपासता येते. मात्र आठपेक्षा जास्त घरे नसलेल्या छोट्या इमारतींना या नोंदणीतून सूट आहे आणि गावाकडे नेमक्या अशाच इमारती जास्त असतात. तिथे वकिलाची फी वाचवू नये.

उर्दू शाळा, मशीद, कब्रस्तान आणि रात्री-अपरात्री उघडे असणारे प्रसूतिगृह किती अंतरावर आहे, हे घरातील बायकांनी स्वतः जाऊन पाहावे. दिवसभर त्या गावात राहायचे त्यांना आहे, पुरुष तर गाडीत असतो.

आणि मुंबईची खोली आधी सोडू नये. एकदा सोडलेली पागडी त्या भावात पुन्हा मिळत नाही. आधी अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने राहावे, त्यात एक उन्हाळा आणि एक पावसाळा यावा. आमच्या कारागिरांच्या धाकट्या भावाने असेच केले आहे. मदनपुऱ्यातली खोली तशीच ठेवून तो नेरळला भाड्याने राहतो. मे महिना त्याने काढला, पाणी एक दिवसाआड आले. आता पावसाळा पाहून ठरवणार आहे.