आजी-आजोबांचे कार्ड : दुखणे येण्याआधी करायचे काम



दसरा झाला की भूम, वाशी, कळंब, परंडा भागातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. घरी राहतात म्हातारी माणसे आणि शाळेतली नातवंडे. मागच्या हंगामात अशाच एका घरातल्या आजी अंगणात घसरल्या, मांडीचे हाड मोडले. मुलगा फडावर. शेजाऱ्यांनी जीप करून त्यांना शहरातल्या एका दवाखान्यात नेले. काउंटरवर आधी अनामत मागितली. आजींचे कार्ड काढलेले नव्हते आणि त्या दवाखान्यात सरकारी योजना आहे का, हेही कुणी विचारले नाही. मुलाने मुकादमाकडून आणखी उचल घेतली. पुढच्या हंगामाची मजुरी एका रात्रीत गेली. मला फोन आला तो तिसऱ्या दिवशी.

हे टाळता येते. त्यासाठी दोन योजना नीट समजून घेऊ.

पहिली : महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना

ही योजना 2012 मध्ये राजीव गांधी जीवनदायी या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यात शेजारचा सोलापूर होता. 2013 मध्ये ती राज्यभर झाली आणि 2017 मध्ये तिला जोतिबांचे नाव मिळाले. पूर्वी वर्षाला दीड लाखाची मर्यादा होती. 1 जुलै 2024 पासून ती कुटुंबाला 5 लाख झाली. आता पिवळे, केशरी, पांढरे असे कोणतेही रेशनकार्ड चालते. वयाची अट नाही. रेशनकार्ड आणि ओळखपत्र लागते. म्हणून म्हाताऱ्या माणसाचे नाव कोणाच्या रेशनकार्डावर आहे, ते आजच पाहा. वाटणीत मुलाच्या कार्डावरून नाव कमी होते आणि दुसऱ्या कार्डावर चढतच नाही, असे मी अनेक घरांत पाहिले आहे.

दुसरी : आयुष्मान वय वंदना कार्ड

केंद्र सरकारने 29 ऑक्टोबर 2024 रोजी हे कार्ड सुरू केले. 70 वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला ते मिळते. उत्पन्न किती, हे विचारत नाहीत. वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मोफत. घरात आजी-आजोबा दोघेही सत्तरीपुढचे असतील तर 5 लाख दोघांत मिळून. कुटुंब आधीच आयुष्मान यादीत असेल, तर ज्येष्ठांसाठी हे 5 लाख वेगळे आणि जादा मिळतात. जुना दमा, साखर, हृदयविकार असला तरी पहिल्या दिवसापासून उपचार मिळतो. देशातल्या कोणत्याही मान्यताप्राप्त रुग्णालयात हे कार्ड चालते. माजी सैनिक किंवा केंद्र सरकारचे निवृत्त कर्मचारी यांना मात्र आपली जुनी आरोग्य योजना किंवा हे कार्ड, यांपैकी एकच निवडावे लागते.

पैसे कशाला लागतात, कशाला नाही

दोन्ही योजनांत हप्ता भरावा लागत नाही. भरती झाल्यावर खाट, शस्त्रक्रिया, औषधे, तपासण्या आणि रुग्णाचे जेवण योजनेत येते. वय वंदना कार्डावर भरतीपूर्वीचे 3 दिवस आणि सुट्टीनंतरचे 15 दिवस यांचा खर्चही धरला आहे.

पण भरती न होता नुसते दाखवून आणणे, रोजची बीपी-साखरेची गोळी, चष्मा आणि सोबतच्या माणसाचा खर्च यांत येत नाही. रोजच्या गोळ्यांसाठी प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय गाठावे. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून उपचारापर्यंत सर्व मोफत आहे. मोतीबिंदूचे ऑपरेशनही सरकारी दवाखान्यात मोफत होते. गोळी पैशाअभावी बंद पडली की पुढे पक्षाघात येतो आणि मग भरतीची पाळी येते, हे लक्षात ठेवा.

कार्ड काढताना येणाऱ्या अडचणी

1. वय आधारवरचे धरतात. आपल्या बऱ्याच आजींची जन्मतारीख अंदाजाने टाकलेली असते. खरे वय 73 आणि आधारवर 66 असेल, तर वय वंदना कार्ड निघत नाही. दुरुस्तीसाठी कागद शोधा, पण तोवर निराश होऊ नका. पहिली योजना लागू आहेच.
2. आयुष्यभर खुरपे-कोयता धरलेल्या बोटांचे ठसे मशीन घेत नाही. तेव्हा ओटीपी किंवा चेहऱ्याच्या पडताळणीचा मार्ग वापरा.
3. ओटीपी मुलाच्या मोबाइलवर जातो आणि मुलगा फडावर असतो. म्हणून टोळी निघण्याआधीच कार्ड काढा. आशाताई, सेवा केंद्र किंवा आयुष्मान ॲप, यांपैकी कुठेही ते काम होते. आधार पुरेसे आहे.

दवाखान्यात गेल्यावर

पहिला प्रश्न : "इथे योजना आहे का? ह्या आजारासाठी आहे का?" दुसरा : "आरोग्यमित्र कुठे बसतात?" उपचाराची मंजुरी त्यांच्यामार्फत मागवली जाते. तातडीच्या वेळी ती फोनवरूनही घेता येते. योजनेतल्या उपचाराला कोणी पैसे मागितले तर पावती मागा आणि तिथूनच 155388 किंवा 14555 वर तक्रार करा. हात जोडू नका. हा तुमचा हक्क आहे, उपकार नव्हे.

येत्या रविवारी विहारात वंदनेनंतर एक वही घेऊन बसा. वस्तीतल्या साठीपुढच्या प्रत्येकाचे नाव, आधारवरचे वय, रेशनकार्डावर नाव आहे की नाही आणि मोबाइल कोणाकडे, एवढ्या चार गोष्टी लिहा. ज्यांच्या पुढची जागा रिकामी राहील, त्यांच्या घरी सोमवारी जा.