साताऱ्याचा वकील

'वकील' हा शब्द तुम्हांला उर्दूतही भेटतो. आज आपण न्यायालयात बाजू मांडणाऱ्याला वकील म्हणतो. पूर्वी राजाच्या वतीने बोलणाऱ्या प्रतिनिधीलाही वकील म्हणत. रंगो बापूजी गुप्ते हे असेच एक वकील होते.

साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्यावर ईस्ट इंडिया कंपनीने कटाचा आरोप ठेवला. महाराजांनी तो नाकारला. तरीही १८३९ साली त्यांना गादीवरून काढून काशीला पाठवण्यात आले. "इंग्लंडमध्ये तरी न्याय मिळेल," असे महाराजांना वाटत होते. म्हणून त्यांनी आपले वकील लंडनला पाठवले. त्यांत मीर अफझल अली होते, तसेच रंगो बापूजीही होते.

देश परका, भाषा परकी! पण रंगो बापूजी डगमगले नाहीत. ते इंग्रजी शिकले. त्यांनी अर्ज लिहिले, पत्रके छापली, कंपनीच्या भागधारकांच्या सभेत भाषणे केली. जोसेफ ह्यूम आणि जॉर्ज थॉम्पसन या ब्रिटिश पुढाऱ्यांनी त्यांना साथ दिली. साताऱ्याचा प्रश्न ब्रिटिश पार्लमेंटमध्ये गाजला.

१८४७ साली महाराज काशीत वारले. १८४८ साली दत्तक नामंजूर करून कंपनीने सातारा खालसा केला. आता राज्य उरले नाही, महाराजही उरले नाहीत. जवळचा पैसा संपला, कर्ज झाले. तरी रंगो बापूजी झगडत राहिले. सुमारे चौदा वर्षांनी, १८५३ साली, ते रिकाम्या हातांनी परत निघाले.

अर्जांनी न्याय मिळाला नाही, तेव्हा त्यांनी दुसरा मार्ग धरला. १८५७ साली त्यांनी साताऱ्यात उठावाची तयारी केली. बेत फुटला. ८ सप्टेंबर १८५७ रोजी गेंडामाळावर सतरा जणांना मृत्युदंड देण्यात आला. त्यांत रंगो बापूजींचा मुलगा सीताराम होता. रंगो बापूजी मात्र इंग्रजांच्या हाती कधीच लागले नाहीत.

मुलांनो, सांगलीहून साताऱ्याला गेलात, तर गेंडामाळावर थोडा वेळ उभे राहा. ज्याने आधी लेखणी उचलली होती, त्या वकिलाची आठवण करा.

शब्दार्थ : खालसा करणे – राज्य ताब्यात घेणे. डगमगणे – धीर सोडणे. बेत फुटणे – गुप्त योजना उघड होणे.

स्वाध्याय :
१. महाराजांनी वकील लंडनला का पाठवले?
२. रंगो बापूजींनी लंडनमध्ये कोणकोणते प्रयत्न केले?
३. उर्दू व मराठी या दोन्ही भाषांत असलेले पाच शब्द लिहा.