गाण्यातले विष आणि कायद्याची मात्रा



गेल्या महिन्यात युवक संघाच्या बैठकीनंतर एका मुलाने आम्हांला विचारले, "फादर, ग्लासगोचा सेल्टिक हा आपल्या कॅथलिकांचा क्लब ना? मग गाणी म्हटली म्हणून त्यांच्या प्रेक्षकांना पोलिसांनी कोर्टात का नेले?" त्या वेळी आम्ही दोन वाक्यांत उत्तर दिले आणि मिस्सेची वेळ झाली म्हणून निघून आलो. पण प्रश्न मनातून जाईना. एखादे गाणे गुन्हा ठरू शकते का? आणि ठरवले, तर त्याने मनातला द्वेष जातो का? आज याच दोन प्रश्नांचा विचार करू या.

१. चर्चच्या सभागृहातली सुरुवात

१८४५ पासून काही वर्षे आयर्लंडमध्ये बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि भीषण दुष्काळ आला. लाखो लोक मेले, लाखो देशोधडीला लागले. त्यांतले पुष्कळ स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात आले. ते गरीब होते आणि कॅथलिक होते. स्कॉटलंड बहुसंख्येने प्रॉटेस्टंट. नोकरीत आणि घरे भाड्याने घेताना त्यांना हाडतूड सोसावी लागे.

मारिस्ट संघाचे ब्रदर वॉल्फ्रिड हे मूळचे आयर्लंडचे. त्यांच्या पुढाकाराने ६ नोव्हेंबर १८८७ रोजी सेंट मेरी चर्चच्या सभागृहात सभा भरली आणि सेल्टिक क्लब जन्माला आला. सामन्यांच्या पैशांतून गरीब मुलांना जेवण द्यावे, हा त्यांचा मुख्य हेतू. २८ मे १८८८ रोजी पहिला सामना रेंजर्सशी झाला. तो मैत्रीचा होता आणि सेल्टिकने ५–२ असा जिंकला.

१८७२ साली स्थापन झालेला रेंजर्स पुढे ब्रिटिश राजसत्तेशी एकनिष्ठ असलेल्या प्रॉटेस्टंटांचा क्लब म्हणून ओळखला जाऊ लागला. कित्येक दशके त्यांनी कॅथलिक खेळाडू घेण्याचे टाळले. १९८९ साली मो जॉन्स्टन या नामांकित कॅथलिक खेळाडूला त्यांनी घेतले तेव्हा मोठी खळबळ उडाली. सेल्टिकने मात्र प्रॉटेस्टंटांना दार बंद केले नव्हते. १९६७ साली सेल्टिकला युरोपियन कप जिंकून देणारे मॅनेजर जॉक स्टीन हे स्वतः प्रॉटेस्टंट होते. हे नाव लक्षात ठेवावे, पुढे त्यांच्याकडे परत यायचे आहे.

२. ती गाणी कसली?

रेंजर्सच्या काही समर्थकांच्या गाण्यांत पोपमहोदयांना शिव्या आहेत आणि कॅथलिकांचे रक्त सांडण्याची भाषा आहे. दुसऱ्या एका गाण्यात, दुष्काळ संपला, आता तुम्ही आपल्या घरी का जात नाही, असे आयरिश वंशाच्या लोकांना हिणवले जाते. ज्यांच्या तीन-चार पिढ्या ग्लासगोतच वाढल्या, त्यांना हे ऐकावे लागते! २००९ साली स्कॉटलंडच्या अपील न्यायालयाने हे गाणे वंशद्वेषी ठरवले.

सेल्टिकच्या बाजूला आयरिश स्वातंत्र्याची गाणी आहेत. काही जुनी लोकगीते आहेत. त्यांत कोणाला दुखावण्यासारखे काही नाही. पण काही गाणी आय.आर.ए. या सशस्त्र संघटनेचे गुणगान करतात. १९८१ साली तुरुंगात उपोषण करून मेलेल्या दहा जणांच्या स्मरणाचेही एक गीत आहे. गाणारा म्हणतो, आम्ही आमच्या हुतात्म्यांची आठवण काढतो. ज्याचा बाप त्या संघटनेच्या बॉम्बने मेला, त्याला मात्र ते जखमेवर मीठ वाटते. गाणे एक, कान दोन.

केवळ गाण्यांवर थांबले असते तर वेगळी गोष्ट. १९९५ साली सेल्टिकचा सामना पाहून घरी चाललेल्या सोळा वर्षांच्या एका मुलाचा भर रस्त्यात गळा चिरून खून झाला. त्याचा मारेकऱ्याशी काहीही वाद नव्हता. त्याच्या शाळेतील एका मैत्रिणीने पुढे 'निल बाय माउथ' ही धर्मद्वेषाविरुद्ध काम करणारी संस्था उभी केली.

३. कायदा आला

२ मार्च २०११ रोजी सेल्टिक–रेंजर्स सामन्यात रेंजर्सच्या तीन खेळाडूंना लाल कार्ड मिळाले आणि मैदानाकडेला हमरीतुमरी झाली. सेल्टिकचे तेव्हाचे मॅनेजर नील लेनन हे उत्तर आयर्लंडचे कॅथलिक. त्या वर्षी त्यांना टपालाने बंदुकीच्या गोळ्या आणि स्फोटकाचे पार्सल पाठवण्यात आले. सरकारला गप्प बसणे शक्य नव्हते. १४ डिसेंबर २०११ रोजी स्कॉटिश संसदेने ६४ विरुद्ध ५७ मतांनी नवा कायदा मंजूर केला. सत्ताधारी पक्ष एकीकडे, बाकीचे पक्ष दुसरीकडे. १ मार्च २०१२ पासून तो अमलात आला.

फुटबॉल सामन्याच्या वेळी, सामन्याला जाता-येता, किंवा सामना टीव्हीवर दाखवला जात असलेल्या दारूच्या गुत्त्यासारख्या सार्वजनिक जागी द्वेष व्यक्त करणे, धमकावणे आणि समंजस माणसाला आक्षेपार्ह वाटेल असे वर्तन करणे, यांपैकी ज्याने दंगा भडकण्याचा संभव असेल तो गुन्हा ठरला. शिक्षा जास्तीत जास्त पाच वर्षे कैद.

४. कुठे बिघडले?

पहिली अडचण 'आक्षेपार्ह' या शब्दाची. समंजस माणूस म्हणजे कोण? कुठले गाणे चालते आणि कुठले नाही, याची यादी कायद्यात नव्हती. ते पोलीस आणि न्यायाधीश ठरवणार.

दुसरी अडचण, हा कायदा फुटबॉलपुरताच होता. तेच गाणे जलशात किंवा लग्नाच्या मेजवानीत म्हटले तर या कायद्याचा संबंध नाही. सामन्याच्या वाटेवर म्हटले तर कोर्ट.

तिसरी अडचण अधिक खोल. दुखावणारा माणूस समोर नसला, तो असता तर भडकला असता, एवढेही पुरे होते. म्हणजे न घडलेल्या दंग्यासाठी माणूस दोषी ठरू शकत होता. डंडी शहरातील एका न्यायाधीशाने २०१३ साली या कायद्याला 'खिमा' म्हटले. स्कॉटलंडच्या बोलीत याचा अर्थ निव्वळ गचाळपणा.

पोलीस प्रेक्षकांचे चित्रीकरण करू लागले आणि तरुण पोरे कोर्टाच्या पायऱ्या चढू लागली. समर्थकांनी त्याविरुद्ध चळवळ उभारली. अखेर १५ मार्च २०१८ रोजी ६२ विरुद्ध ६० अशा काठावरच्या मतांनी तो रद्द झाला. २० एप्रिलपासून तो संपला.

दुसरी बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. कायदा जाऊ नये असे म्हणणाऱ्यांची भीती खोटी नव्हती. २०१६–१७ मध्ये स्कॉटलंडमध्ये धर्मद्वेषाचे जे आरोप ठेवले गेले, त्यांतले अर्ध्याहून अधिक कॅथलिकांविरुद्धच्या द्वेषाचे होते. म्हणून लक्षात ठेवावे, हा कायदा गेला तरी द्वेषाला परवाना मिळाला नाही. धर्मद्वेषाने केलेल्या गुन्ह्याला जादा शिक्षा देणारी २००३ ची तरतूद आणि धमकी व शिवीगाळीविरुद्धचा २०१० चा कायदा त्या वेळी होताच. पुढे २०२१ साली द्वेषमूलक गुन्ह्यांसाठी एकत्रित कायदा झाला. १ एप्रिल २०२४ पासून तो लागू आहे, आणि तो फुटबॉलपुरता नाही.

५. संत थॉमस काय सांगतात?

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस यांचे कायद्यावरील विवेचन आम्ही पाठ केले होते. त्याचे मोल अशा वेळी कळते. ते म्हणतात की कायदा हा सर्वसामान्यांसाठी असतो आणि त्यांतले बहुतेक सद्गुणात पूर्ण नसतात. म्हणून मानवी कायद्याने प्रत्येक दुर्गुणावर बंदी घालू नये. ज्यांनी दुसऱ्यांची हानी होते, समाजच टिकणार नाही, अशा मोठ्या दुष्कृत्यांवर घालावी. शिवाय कायदा स्पष्ट असावा, संदिग्ध नको.

या कसोटीवर पाहा. रक्त सांडण्याची धमकी हा गुन्हा ठरलाच पाहिजे. पण 'कोणाला तरी आक्षेपार्ह वाटेल' एवढ्यावर तुरुंग दाखवणे म्हणजे सुईचे काम कुऱ्हाडीने करणे. मग न गायलेले गाणे पाप नाही का? असू शकते. पाप आणि गुन्हा यांची सीमा एकच नाही. जी जागा कायदा रिकामी सोडतो, तिथे विवेकाने उभे राहायचे असते.

६. आपल्या माणसाला कोणी सांगायचे?

आम्ही कबूल करतो, हा विषय वाचायला घेतला तेव्हा आमचेही मन आधी 'ते' काय गातात हेच मोजत होते. 'आपल्या' लोकांची गाणी आम्हांला सहज क्षम्य वाटली. लूककृत शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात एका शोमरोनी गावाने प्रभूचा स्वीकार केला नाही, तेव्हा याकोब आणि योहान त्या गावावर आकाशातून अग्नी पाडायला निघाले होते. प्रभू वळला आणि त्याने आपल्याच शिष्यांना धमकावले.

आता जॉक स्टीन यांच्याकडे येऊ. १९७२ साली स्टर्लिंग येथील सामन्यात सेल्टिकचे काही समर्थक आय.आर.ए.ची गाणी म्हणू लागले. तेव्हा असा कुठलाही कायदा नव्हता. स्टीन स्वतः प्रेक्षकांत शिरले आणि आपल्याच समर्थकांना त्यांनी ते बंद करायला सांगितले. ज्याने युरोपचा कप आणून दिला, त्याचे बोलणे धुडकावणे सोपे नव्हते. चर्च ऑफ स्कॉटलंडनेही आयरिश स्थलांतरितांविरुद्धच्या आपल्याच १९२३ च्या अहवालाबद्दल २००२ साली माफी मागितली. उशिरा का होईना, त्यांनी आपले घर झाडले.

त्या मुलाला आता आमचे उत्तर असे: बाळा, कायदा कच्चा होता म्हणून तो गेला, ते बरे झाले. पण सेल्टिकची जर्सी अंगात आहे म्हणून ओठांवरचे प्रत्येक गाणे पवित्र होत नाही. ब्रदर वॉल्फ्रिड यांनी मुलांच्या ताटात अन्न पडावे म्हणून क्लब काढला होता.

चिंतनासाठी प्रश्न

१. आपल्या गटातील कोणी दुसऱ्या धर्माची, जातीची किंवा गावाची टिंगल करतो तेव्हा आपण हसतो, गप्प बसतो की थांबवतो?

२. आपल्या आठवणीतील कोणत्या गोष्टी दुसऱ्याच्या जखमा आहेत?

३. शिक्षेचे भय नसते तर आपण काय बोललो असतो?

प्रभू आपल्या जिभेवर आणि त्याआधी आपल्या अंतःकरणावर राज्य करो.

आपले धर्मगुरू