किनाऱ्यावरचा डांबराचा गोळा कुठून येतो? तेलाची ओळख पटवायचा एक पाठ



मे महिना जवळ आला की आपल्या पेजवर एकच फोटो दहा जण पाठवतात. वाळूवर पसरलेले काळे गोळे, कुणाच्या पायाला लागलेले, कुणाच्या जाळ्यात अडकलेले. खाली प्रश्नही एकच: "हे येतं कुठून?" आज त्यावर जरा सविस्तर लिहितो. थोडं मोठं आहे, पण शेवटपर्यंत वाचा. आपल्या पोटाशी संबंध आहे.

आधी गेल्या वर्षीची गोष्ट सांगतो. मे अखेरीस आपल्या एका सभासदाने पहाटे रापण ओढली. बांगडा बरा लागला होता. पण जाळं वाळूवर आलं तेव्हा अर्ध्या जाळ्याला डांबर. मासळीलाही लागलेलं. विकायला बसणाऱ्या बायकांनी टोपलीला हात लावला नाही आणि त्यांचं बरोबरच होतं. सगळी मासळी खड्ड्यात पुरली. जाळं साफ करण्यात हंगामाचे शेवटचे चार दिवस गेले.

आम्ही चार जण तक्रार घेऊन एका कार्यालयात गेलो. तिथल्या साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमच्याच होड्यांचं डिझेल असणार. आधी आपलं घर बघा." मी सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून पुढे बसलो होतो, पण उत्तर देता आलं नाही. खरं सांगायचं तर मलाही नक्की ठाऊक नव्हतं. ते मनाला लागलं. मग वाचायला घेतलं, जाणकारांना विचारलं. जे समजलं ते इथे देतो.

१. गोळा कसा तयार होतो

जमिनीच्या पोटातून निघणारं कच्चं तेल म्हणजे एकच पदार्थ नाही. त्यात पेट्रोलसारखे हलके भाग असतात आणि डांबरासारखे जड भागही असतात. असं तेल समुद्रात सांडलं की हलका भाग पहिल्या एक-दोन दिवसांतच बराचसा उडून जातो. उरलेल्या जड तेलात लाटांमुळे पाणी मिसळतं आणि तपकिरी, दाट लगदा होतो. लाटा त्याचे तुकडे करतात, तुकड्यांना वाळू आणि शिंपल्यांचा चुरा चिकटतो. हाच आपला डांबराचा गोळा. बाहेरून कडक, आत मऊ. उन्हात पुन्हा पाघळतो.

आता डिझेल बघा. ते आधीच शुद्ध केलेलं, हलकं तेल. पाण्यावर सांडलं तर पातळ, रंगीबेरंगी तवंग दिसतो. ऊन, वारा आणि लाटांनी तो बहुतेक काही दिवसांत उडून-विरून जातो. डांबराचे गोळे व्हायला लागणारा जड भाग डिझेलमध्ये नसतोच. म्हणजे साहेबांच्या बोलण्याला आधार नव्हता. गोळे होतात ते कच्च्या तेलाचे, नाहीतर मोठी जहाजं जाळतात त्या जड इंधनाचे.

२. तेलालाही वंश असतो

आता मुख्य मुद्दा. काळा गोळा बघून तो कुठल्या तेलाचा ते डोळ्यांना कळणार नाही. पण प्रयोगशाळेत कळतं.

तेल कशाचं बनतं? लाखो-कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी बसलेले सूक्ष्म जीव, शेवाळ, नद्यांनी आणलेला पालापाचोळा, हे सगळं गाळाखाली दबलं. वरचं ओझं आणि खालची उष्णता यांनी त्याचं तेल झालं. प्रत्येक ठिकाणचा गाळ वेगळा, जीव वेगळे, काळ वेगळा. म्हणून प्रत्येक तेलक्षेत्राच्या तेलात त्या मूळ जीवांच्या काही खुणा वेगवेगळ्या प्रमाणात राहतात. भूगर्भशास्त्रज्ञ त्यांना जैवखुणा म्हणतात.

उदाहरणार्थ, होपेन हा गट जिवाणूंपासून येतो आणि स्टेरेन हा शेवाळ व वनस्पतींपासून. ओलिअनेन ही खूण फुलं येणाऱ्या झाडांपासून येते. अशी झाडं पृथ्वीवर पसरली ती क्रिटेशस काळात. त्यामुळे त्याच्या खूप आधीच्या खडकात बनलेल्या तेलात ही खूण सापडायची नाही.

या खुणा चिवट असतात. ऊन, पाणी, जिवाणू यांनी तेलाचा बाकीचा भाग बदलला तरी त्या बराच काळ टिकतात. म्हणून आठवडेच्या आठवडे समुद्रात भटकलेल्या गोळ्याचाही वंश शोधता येतो. पोलीस बोटांचे ठसे जुळवतात तसंच हे काम. गोळ्याचा नमुना एका बाजूला, वेगवेगळ्या क्षेत्रांच्या तेलाचे नमुने दुसऱ्या बाजूला, आणि गॅस क्रोमॅटोग्राफी नावाच्या यंत्रावर दोन्ही ताडून पाहायचे.

मुळात ही पद्धत तेल शोधणाऱ्यांसाठी तयार झाली, कुठल्या खडकातून तेल आलं ते कळावं म्हणून. आज तीच आपल्या कामाची आहे.

३. गोव्यात काय सापडलं

दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मे २०१३ मध्ये गोव्याच्या ९ किनाऱ्यांवरून गोळे गोळा केले आणि वेगवेगळ्या तेलक्षेत्रांच्या तेलाशी ताडून पाहिले. तोपर्यंत सगळ्यांचा समज असा की हे सगळं तेलवाहू टँकर टाक्या धुतात त्याचं घाण पाणी. आपल्या किनाऱ्याजवळून आंतरराष्ट्रीय टँकरमार्ग जातो, त्यामुळे समज अगदीच चुकीचा नव्हता. २०१० आणि २०११ च्या गोळ्यांबाबत निष्कर्ष टँकरधुणीचाच निघाला होता. पण २०१३ च्या नमुन्यांवरून दिसलं की मुंबई हाय तेलक्षेत्राचं तेलसुद्धा गुजरातपासून गोव्यापर्यंतच्या सुमारे ६५० किलोमीटर किनाऱ्यावर असे गोळे आणू शकतं.

मुंबई हाय म्हणजे मुंबईच्या पश्चिमेला साधारण १६० किलोमीटरवर, ७५ मीटर म्हणजे चाळीसेक वाव पाण्यातलं क्षेत्र. फेब्रुवारी १९७४ मध्ये 'सागर सम्राट' या जहाजाने तिथे तेल शोधलं आणि १९७६ पासून उत्पादन सुरू झालं. देशाच्या तेलात त्याचा वाटा फार मोठा आहे. विरोध करायचा म्हणून हे लिहीत नाही. आपल्या होड्यांनाही डिझेल लागतंच.

४. तिथलं तेल इथे कसं?

हे शास्त्रज्ञांपेक्षा आपल्या तांडेलांना लवकर कळेल. हिवाळ्यात किनाऱ्यालगतचं पाणी उत्तरेकडे ओढतं आणि पावसाळ्याच्या सुमारास दक्षिणेकडे. शिवाय तेव्हा वारा समुद्राकडून जमिनीकडे. तवंग प्रवाहाबरोबर जातो आणि वाऱ्याच्या वेगाच्या साधारण ३ टक्के वेगाने वाराही त्याला ढकलतो.

हिशोब करून बघा. मुंबई हायपासून गोवा अंदाजे ५०० किलोमीटर. ताशी अर्धा सागरी मैल गती धरली तर दिवसाला १२ सागरी मैल, म्हणजे २२ किलोमीटर. तेवीस-चोवीस दिवसांत माल आपल्या दारात. म्हणूनच हे गोळे दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आणि पावसाळ्यात येतात, डिसेंबरात येत नाहीत.

५. मग आपण काय करायचं?

एक लक्षात ठेवा. २०१३ चा निष्कर्ष २०१३ च्या गोळ्यांचा. दर वर्षीचा माल वेगळा असू शकतो. तपासणीशिवाय आपण कुणावर बोट ठेवू नये, आणि कुणी आपल्यावरही ठेवू नये. त्यासाठी पुरावा हवा.

• गोळे दिसले की फोटो काढा. तारीख, वेळ, जागा लिहा. समुद्रात दिसले तर जीपीएसचे आकडे उतरवून घ्या.
• दोन-तीन गोळे स्वच्छ काचेच्या बाटलीत ठेवा. प्लॅस्टिकची पिशवी नको, प्लॅस्टिकमुळे तपासणीत घोळ होतो. बाटलीवर चिठ्ठी लावून थंड, अंधाऱ्या जागी ठेवा आणि सोसायटीत आणून द्या.
• समुद्रात मोठा तवंग दिसला तर तटरक्षक दलाला १५५४ वर फोन करा. तेलगळतीच्या मुकाबल्याची देशपातळीवरची जबाबदारी त्यांच्याकडे आहे.
• डांबर लागलेली मासळी विकू नका, घरीही खाऊ नका. एका टोपलीने सगळ्या बाजाराचं नाव जातं.
• हाता-पायाला लागलेलं डांबर खोबरेल तेलाने चोळून मग साबणाने धुवा. पेट्रोल किंवा डिझेल कातडीला लावू नका. जाळ्यावरचे गोळे सकाळी थंड असताना खरवडा, ऊन चढलं की ते जाळ्यात आणखी मुरतात.
• नुकसानीची नोंद त्याच दिवशी करा: किती मासळी फेकली, किती दिवस वाया गेले, जाळ्याचा खर्च किती.

आणि शेवटचं, जरा कडू. इंजिनातलं जळकं ऑइल आपल्यातले काही जण अजून समुद्रात ओततात. त्याचे डांबराचे गोळे होत नसतील, पण बंदरातलं पाणी नासतं. शिवाय उद्या आपण बाटली घेऊन कार्यालयात गेलो की साहेब पुन्हा तेच ऐकवतील. ऑइल डब्यात भरून ठेवा, जेटीवर आणा.

यंदा सोसायटीत एक वही आणि काचेच्या बाटल्यांचं खोकं ठेवलं आहे. गेल्या वर्षी आम्ही रिकाम्या हाताने गेलो होतो. या वर्षी तसं जायचं नाही.

तुमच्या किनाऱ्यावर गोळे पहिल्यांदा कधी दिसले ते खाली लिहा, तारीख आणि गावाच्या नावासकट. जुन्या मंडळींना आठवत असेल तर त्यांना विचारून लिहा. तीही नोंदच आहे.

आपला,
सेक्रेटरी